पंधरा दिवसांचा खाडा

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आई फाट्यापर्यंत आली होती. काखेत कळशी. फाट्याजवळच्या आडाचं पाणी गोड आहे हे खरं, पण लेकीला सोडायला म्हणून मोकळ्या हातानं एवढं चालत जायची तिला लाज वाटायची हे त्याहून खरं. एसटी आली तेव्हा ती रडली नाही. आमची दोन बोचकी बघितली, मालकांच्या पिशवीतून बाहेर आलेली थापी बघितली आणि म्हणाली, "जोडीनं जाताय, जोडीनं या." कंडक्टर खेकसला, "मावशी, आशीर्वाद खिडकीतून द्या, गाडी लेट झालीय." सगळी गाडी हसली. मीही हसले.

मालक म्हणजे माझा नवरा, भगवान. आपल्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मालक म्हणतात, मीही तेच म्हणत आले. या एका शब्दानं पुढं भर कोर्टात माझा घात केला, ते सांगतेच.

दादा, वहिनी, आणि आपल्या आळीतल्या सगळ्यांनो, हे मी तुमच्यासाठी लिहितेय. आणि आपल्यातले जे माझ्यासारखे पनवेलला, पुण्याला बांधकामावर गेले, त्यांच्यासाठीही. गावात माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. 'सुमननं गाववाल्याला कोर्टात खेचलं. किसनमामांचं मुकादमपद घालवलं. आळीतल्या पोरांच्या पोटावर पाय दिला.' बोलायला गेले तर कुणी ऐकून घेत नाही, विषय बदलतात, चहा ठेवतात. म्हणून लिहिते. सातवी पास आहे, शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या.

गाव का सोडलं ते तुम्हाला सांगायला नको. मालक मातीच्या भिंतींचे गवंडी. त्यांच्या हातची भिंत ओळखू यायची. पण गावात घरं पडत होती, बांधत कुणी नव्हतं. वर्षभरात दोन गोठे आणि देवळाचा ओटा, एवढंच काम. ज्याच्या हातात थापी त्यानं भिंती उभ्या राहतायत तिथं जावं, असं किसनमामा म्हणाले. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. पनवेलच्या बाजूला एका ठेकेदाराकडं, सगळे त्याला शेठ म्हणायचे, मुकादम होते आणि दर दिवाळीला आपल्या गावातली चार माणसं घेऊन जायचे. त्या वर्षी आम्ही गेलो. एकोणनव्वद-नव्वद साल असेल.

कळंबोलीला उतरले आणि मला भीतीच वाटली. घरंच घरं, आणि माणूस एकही नाही! चार-चार मजले, खिडक्यांना अजून तावदानं नाहीत, शेतात मुरूम टाकलेला, मधूनच भाताचं एखादं खाचर तसंच राहिलेलं. पलीकडं लोखंडाच्या बाजारात दिवसभर सळया उतरवल्याचा खणखणाट. आम्ही रोडपालीला एक खोली घेतली. घरमालकीण यमुनाबाय, तिथल्याच आगऱ्यांतली, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "भारं येलेवर दे, पानी मापान वापर, आनी नवऱ्यानं हात उचलला तं मना सांग, मी हाय." संध्याकाळी वारा तळोज्याकडून आला की कारखान्यांचा वास डाळीत उतरायचा. आठवडाभर मी डाळ नासली म्हणून टाकून देत होते. यमुनाबाय हसली, "डाल नाय गो नासली, हवा नासली."

आता पहिलं खोटं सांगते. मालकांनी गावाकडं आंतरदेशीय पत्र लिहिलं, 'सुमन खोलीवर असते, घरकाम बघते.' खरं म्हणजे मी तिसऱ्या दिवसापासून बिगारी होते. आपल्यात बाई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेली तर चालतं, पण परमुलखात घमेलं उचलते म्हटलं की घराण्याचं नाक जातं. म्हणून ते पत्र. ते मीच लिहिलं, मालकांना अक्षर येत नाही. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. स्वतःला स्वतःच्या हातानं खोडणारी बाई बघायची असेल तर माझ्याकडं बघा.

कामाची रीत अशी. गवंडी भिंतीला गिलावा करणार, त्याला माल पोचवणारी बिगारी त्याचीच बायको. दोघांना मिळून 'जोडी' म्हणतात. जोडीचा रोज एकच, तो नवऱ्याच्या हातात. मामांकडं एक जाडजूड डायरी होती, कापडी पुठ्ठ्याची, सिमेंटनं कडक झालेली. संध्याकाळी हात धुऊन मामा ती उघडायचे. एकट्या माणसाला एक उभी रेघ, जोडीला दोन. आमच्या ओळीला नाव होतं 'भगवान, जोडी'. मी वाचलं तेव्हा मला बाई कौतुक वाटलं. आई म्हणाली होती जोडीनं जा, आणि इथं वहीत रोज संध्याकाळी आम्ही दोन रेघा होऊन शेजारी उभे. माझं नाव कुठंय, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. इतकी मी शहाणी!

आईचं पत्र यायचं ते दादाच्या अक्षरात. बाकी सगळं पाऊसपाणी. शेवटी एक ओळ मात्र आईचीच असायची, ती दादा तशीच लिहायचा. 'तू गेल्यापासून रोज एक भाकर उरती. हाताला अजून कळंना.' मी ते वाचून दाखवलं की मालक उगाच थापी घासत बसायचे.

सात-आठ महिने झाले असतील, दादाची तार आली. आई शेवटचं बघतेय. मामांनी मला लगेच सोडलं, पण मालकांना नाही. स्लॅबचं काम अर्ध्यावर होतं, ठेकेदार म्हणाला गवंडी गेला तर परत घेणार नाही. मी एकटीच आले. आठवतंय ना तुम्हाला? आळीतल्या बायका आईच्या उशाशी बसून कुजबुजत होत्या, 'जावई नाही आला?' आईनं माझा हात धरला. सिमेंटनं माझी बोटं खाल्ली होती, पेरांना भेगा होत्या. ती बोटं तिनं एक एक करून चाचपली. म्हणाली, "खोलीवर बसून असं हुतं व्हय गं?" मी हात पदराखाली ओढून घेतला. मग तिनं विचारलं, "जोडीनं का न्हाई आलीस?"

"त्यांचा खाडा पडला असता, आई."

खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी. आईला तो शब्द माहीत होता, खुरपणीला खाडा पडला तर काय होतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गेली. मी तेरावा करून परत निघाले. येण्या-जाण्याचे दिवस धरून पंधरा दिवसांचा माझा खाडा पडला. सासूच्या मातीला जावई आला नाही, हे गावानं मनात धरलं, आणि आईचं ते "बरं" मी मनात धरलं. महिनाभर मी मालकांशी कामापुरतंच बोलत होते.

आणि त्यानंतर तीन-चार महिन्यांनी मी पडले.

परांची तुम्हाला माहीत नाही. आपल्याकडं भिंत दोन पुरुष उंच, शिडी लावली की भागतं. इथं इमारतीच्या बाहेरून गिलावा करायचा म्हणजे खालपासून वरपर्यंत बांबू उभे करतात, आडवे बांबू काथ्यानं बांधतात आणि त्यावर फळ्या टाकतात. त्या फळीवर गवंडी उभा आणि त्याच फळीवरून आम्ही डोक्यावर माल घेऊन जाणार. पावसाळा नुकताच सरला होता. चार महिने पाणी पिऊन काथ्या कुजला होता, बोटानं ओढला तर तुटायचा. मी मामांना दोनदा सांगितलं. "शेठला सांगितलंय, नवा काथ्या येतोय," एवढंच दोन्ही वेळा.

तिसरा मजला. मी फळीवर पाय टाकला आणि फळी फिरली. पडल्याचं मला आठवत नाही. घमेल्यातला माल सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी घमेलं घट्ट धरून ठेवलं होतं, तेवढं आठवतं. मूर्खपणा बघा! हात मोकळे असते तर एखादा बांबू तरी धरला असता. पण वर्षभर अंगात एकच गोष्ट मुरलेली, माल सांडला तर मुकादम ओरडतो.

उजवा पाय खुब्यातून गेला, कंबरेचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात नेताना टेम्पोत मामा मालकांच्या कानाशी लागले होते. मला अर्धवट ऐकू येत होतं. "कामावर पडली म्हनलास की पोलिस, पंचनामा, साइट बंद. आपली सगळी पोरं घरी बसतील. भाकरी द्याया आली हुती म्हन. दवाखान्याचं शेठ बघतो." दारात हवालदारानं विचारलं आणि मालकांनी तसंच सांगितलं. अडखळलेसुद्धा नाहीत. कसे अडखळतील? वर्षभर गावाला तेच तर कळवत होते आम्ही.

चौथ्या दिवशी मामा एक कागद आणि शाईचं पॅड घेऊन आले. "हितं अंगठा दे, सुमे."

"अंगठा कशाला? मला सही येते."

मामांना ते माहीत होतं, शेठला माहीत नव्हतं. कागद मी वाचायला घेतला. 'पतीस जेवण देण्यास आले असता माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माणुसकी म्हणून केलेल्या मदतीबद्दल मी आभारी आहे.' आभारी! कंबरेखाली अंग हलत नव्हतं, पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मामा, मी जेवण द्यायला आले होते, तर माझ्या डोक्यावर मालाचं घमेलं कसं होतं? मालकांना सिमेंट कालवून खाऊ घालत होते का?" मामांनी शाईचं पॅड मिटलं. म्हणाले, "मी काय करू बाय, माझ्यामागं वीस माणसं हायेत गावची." ते खोटं नव्हतं. हेही मी लिहितेय, कारण तेही खरं आहे. मी सही केली नाही. पुढच्या आठवड्यापासून शेठनं दवाखान्याचं बघणं बंद केलं.

कुबड्या घेऊन खोलीवर आले. यमुनाबायनं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "गो बाय, आमच्या जमिनी गेल्या तवा आमी बी तोंडानंच बोलत व्हतो. कोनी आयकला नाय. कागूद हाय तं तू हाय. कागूद नाय तं तू नाय." जमिनीच्या भरपाईसाठी तिच्या घरानं किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या घासल्या होत्या. तिनंच पनवेलच्या एका वकीलबाईचा पत्ता दिला.

वकीलबाईचं ऑफिस एसटी स्टँडजवळ, माडीवर. मला जिना चढेना, मी खालच्याच पायरीवर बसले. थोड्या वेळानं एक माझ्याच वयाची बाई खाली आली आणि साडी सावरत माझ्या शेजारी पायरीवर बसली. त्या पायरीवरच मला कायदा कळला. ती म्हणाली, "पोलिसांत निष्काळजीपणाची तक्रार देता येईल. त्यात झाली तर त्यांना शिक्षा होईल, तुमचा पाय काही त्यातून सांभाळला जाणार नाही. दुसरा रस्ता कामगार नुकसानभरपाईचा. तिथं चूक कुणाची हे फारसं बघत नाहीत. तुम्ही तिथं कामगार होतात का, आणि कामावर असताना, कामामुळं पडलात का, एवढं बघतात. ठेकेदारानं हात वर केले तर ज्याची इमारत त्यालाही धरता येतं. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा."

मी विचारलं, "त्या कागदावर सही केली असती तर?"

"तरी लढलो असतो. असा परस्पर केलेला करार कामगार भरपाईच्या आयुक्तांकडं नोंदवला नाही तर टिकत नाही. पण नाही केलीत ते बेस्ट केलंत. हजेरीपटावर नाव आहे ना?"

"आहे की. जोडी म्हणून आहे."

तिचा चेहरा उतरला. शेठच्या छापील हजेरीपटावर तर तेवढंही नव्हतं. नुसतं 'भगवान'. सरकारी दवाखान्याच्या कागदावर मी जेवण घेऊन आलेली, गावाकडच्या पत्रात मी खोलीवर बसलेली. तीन मजल्यांची घमेली वाहिली, आणि एकाही कागदावर मी कामाला नाही! पाय परत येणार नव्हता हे मला कळत होतं. भरपाई हवीच होती, कुबडीवाल्या बाईला कोण काम देतं? पण खरं सांगू का, रात्रंदिवस मनात एकच होतं. कुणीतरी सरकारी माणसानं कागदावर लिहावं की ही बाई तिथं कामाला होती. बस्स.

केस अलिबागला. पेणवरून एसटीनं जायचं, पाय लांब करता यावा म्हणून कंडक्टर पुढची जागा द्यायचा. तारखा पडत गेल्या. माझी साक्ष निघाली त्या दिवशी ठेकेदाराचा वकील उठला. आवाज असा गोड की वाटावं माहेरचा माणूस आहे.

"ताई, तुम्हाला या कामाला कुणी लावलं?"

"मालकांनी."

"कुणाच्या हाताखाली काम करत होतात?"

"मालकांच्याच."

"आणि रोज कोण देत होतं?"

"तो पण मालकच आणून द्यायचे."

"अस्सं. या मालकांचं नाव सांगता?"

आता नाव कसं घ्यायचं? मी मागच्या बाकावर बसलेल्या मालकांकडं बोट दाखवलं. आधी कुणाला कळेना. मग अख्खं कोर्ट हसलं, समोर बसलेले आयुक्तसाहेबसुद्धा. टाइप करणाऱ्यानं खटाखट टाइप केलं, 'माझे मालक माझे पती आहेत.' वकील म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि बसला. म्हणजे मी कामाला असेन तर नवऱ्याच्या, ठेकेदाराचा काय संबंध? माझ्याच जिभेनं मला परांचीवरून दुसऱ्यांदा खाली टाकलं.

येताना बसमध्ये वकीलबाई वडखळपर्यंत केसचे कागद चाळत होती. मग एकदम म्हणाली, "सुमन, नाव घ्यायची प्रॅक्टिस करा. आत्ता, माझ्यासमोर." मी मान खाली घालून पुटपुटायला लागले, भगवान, भगवान, भगवान. शेजारच्या सीटवरच्या आजीनं भक्तिभावानं हात जोडले. वकीलबाई तोंडात पदर कोंबून हसली, आणि मी हसता हसता रडायला लागले ते पनवेल येईपर्यंत.

एकच आशा उरली, मामांची डायरी. वकीलबाईनं ती हजर करायचा हुकूम मिळवला. तारखेच्या आदल्या दिवशी मामा खोलीवर आले, उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, "वही देतो, सुमे. तोंड मागू नको." आणि दिलेला शब्द पाळला. अलिबागला साहेबांच्या टेबलावर त्यांनी डायरी ठेवली. "वही माझी. अक्षर माझं." दोन रेघा म्हणजे काय, विचारलं तर छताकडं बघत राहिले. ठेकेदाराचा वकील म्हणाला, दोन रेघा म्हणजे ओव्हरटाइम, गवंडी जास्त वेळ थांबला की दोन. आणि ही वही खरी कशावरून? साहेबांनी पुढची तारीख दिली.

बाहेर बाकावर वकीलबाई नकलेची पानं उलटत बसली होती. एका पानावर थांबली. "सुमन, सगळीकडं दोन-दोन रेघा. इथंच सलग एक-एक का?"

मी बघितलं. एक, एक, एक. म्हटलं, "बाई, माझी आई गेली तेव्हाचे दिवस आहेत हे. मी गावाला होते. मालक आले नव्हते."

वकीलबाईनं त्या पानाचा कोपरा दुमडला. "म्हणजे ओव्हरटाइम नाही, दुसरी रेघ तुमची."

दादा, तुला मी आईच्या मृत्यूचा दाखला मागितला तो यासाठी. कशाला हवा ते लिहिलं नव्हतं. तू रजिस्टरनं पाठवलास आणि सोबत दोन ओळीही लिहिल्या नाहीस. पुढच्या तारखेला साहेबांनी दाखला आणि डायरी शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवलं. एकेरी रेघ सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईच्या मृत्यूची नोंद. मग बोट थांबलं. "पंधरा दिवस म्हणता, रेघा चौदाच आहेत. ही एक जागा कोरी का?"

मला आठवेना. तेवढ्यात साक्षीसाठी पिंजऱ्यात उभे असलेले मालक म्हणाले, "अमावस हुती साहेब. गवंडी अमावसेला थापी उचलत न्हाई." साहेबांनी कारकुनाला जुनं पंचांग काढायला लावलं. अमावस्याच होती. खोटी वही करणारा माणूस अमावस्या कशाला आठवून ठेवेल? ठेकेदाराचा वकील खाली बसला, मग परत उठला. मालकांना म्हणाला, "दवाखान्यात तुम्ही सांगितलंत, ती भाकरी द्यायला आली होती. तेव्हा खोटं बोललात का आता बोलताय?"

"तवा."

"का?"

मालकांनी पिंजऱ्याची फळी धरली होती. "मुकादम म्हनले म्हनून. आन... गावाकडं सांगितलं हुतं, बायकू घरी आसती. तिची आई मरंस्तवर तेच सांगितलं. मला लाज वाटायची साहेब. आता त्या लाजेचीच लाज वाटती." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. आईच्या मातीला न आल्याचा राग मी इतके दिवस पोटात ठेवला होता, तो तिथं अलिबागच्या त्या खोलीत गेला. आई म्हणाली होती जोडीनं या. मी एकटी आले, म्हणून रेघ एक पडली, म्हणून केस उभी राहिली. आईचा शब्द पाळला असता तर मी हरले असते. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा, मला शब्द नाही.

निकाल लागला. 'अर्जदार ही घटनेच्या दिवशी कामगार होती हे सिद्ध झाले आहे.' ती ओळ मी बोट ठेवून तीनदा वाचली. डॉक्टरांनी पाय किती टक्के गेला ते लिहून दिलं होतं, सातवीत मला पडले त्याच्यापेक्षा जरा कमी. त्या टक्क्यांवर भरपाई ठरली, आयुक्तांकडं जमा झाली, उशिरा का होईना माझ्या हातात आली. आकडा सांगत नाही, गावाला तो माझ्याहून चांगला पाठ आहे. कंबरेमुळं मला पुढं मूल झालं नाही. त्याचे टक्के कुणी काढले नाहीत, मीही कुणाला विचारलं नाही.

मामांना शेठनं दुसऱ्याच दिवशी काढलं. आपल्या गावची माणसंही हळूहळू सुटली. जाताना मामा खोलीवर आले, यमुनाबायनं चहा दिला तो तसाच गार झाला. मला वाटलं शिव्या देतील. ते म्हणाले, "माझी वही परत मिळंल का गं? त्यात अख्खं गाव हाय." मी वकीलबाईला विचारलं. वही केसच्या कागदांत लागलेली, मिळाली नाही, नक्कल मिळेल म्हणाली. नकलेचं काय करू, म्हणाले आणि गेले. मामा, तुम्ही तोंड उघडलं नाही पण वही दिलीत. माझ्यापायी तुमचं काम गेलं हे मला मान्य आहे. गावानं मला बोलायचं ते बोलावं. पण कुजका काथ्या मी बांधला नव्हता, आणि तुम्हीही नाही. ज्यानं नवा आणला नाही त्याला गावात कुणी नावानं ओळखतसुद्धा नाही.

त्यानंतर मी एकदाच आले, न कळवता. वहिनी, तुझ्यावर राग नाही माझा. मी दारात कुबडी टेकवली तेव्हा तू भाकरी करून चूल विझवत होतीस. टोपलीत मोजून सहा, घरात माणसं सहा. "थांबा, एक टाकते की," म्हणालीस आणि पुन्हा काटक्या सारल्यास. मी नको नको म्हणाले. ज्या चुलीवर आईच्या हातून रोज एक भाकर उरत होती, तिथं बसून मला कळलं की या घरात माझा खाडा आता कुणी मांडत नाही. तुमची चूक नाही. माणूस गेला की हाताला हळूहळू कळतंच.

मालक आता कळंबोलीत एका लोखंडाच्या गोदामावर वॉचमन आहेत. थापी खोलीत खिळ्याला टांगलेली असते, अमावस्येला काढून पुसतात. मी वकीलबाईच्या जिन्याखाली टेबल टाकून कामगारांचे अर्ज लिहिते. जोडी आली की आधी बाईला विचारते, तुझं नाव काय, आणि मालक कोण म्हटलं की नवऱ्याकडं बोट दाखवू नको बरं.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी गावाचं नाव सांगते. पण गाव आता अलिबागला आहे, मामांच्या वहीत, एका फडक्यात बांधून कपाटात ठेवलेलं. माझ्याकडं त्यातल्या एका पानाची झेरॉक्स आहे. चौदा रेघा आणि एक अमावस्या. ती काढून बघताना मागच्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली, एवढ्या वर्षांत दिसली नव्हती. एकट्या माणसांच्या रेघा मामांनी खेटून ओढल्यात. आमच्या ओळीत मात्र त्या चौदा दिवसांत प्रत्येक रेघेच्या शेजारी एका रेघेची जागा मोकळी सोडलीय. आई गेली त्या दिवशीसुद्धा. मी येईन म्हणून.